लॅटिनो पत्रकारांच्या पाठीशी कसं उभं राहायचं: अमेरिकेतल्या नवख्या मराठी वाचकासाठी

अमेरिकेत पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस लॅटिनो आहे. २०२०च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के. प्यू रिसर्च सेंटरनं २०२२मध्ये सुमारे १२ हजार पत्रकारांची पाहणी केली, तेव्हा त्यांत लॅटिनो निघाले ८ टक्के. शेतात, बांधकामावर, हॉटेलांच्या भटारखान्यात, सैन्यात ही माणसं पावलोपावली दिसतात. आज कुठली बातमी घ्यायची आणि कुठली सोडायची, हे जिथं ठरतं त्या टेबलाशी मात्र फार थोडी.

हा लेख तीन तऱ्हेच्या मराठी लोकांसाठी आहे: इथं पत्रकारिता शिकायला आलेली मुलंमुली, नोकरीनिमित्त राहणारे आणि महिन्याकाठी थोडे पैसे बाजूला काढू शकणारे वाचक, आणि पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेच्या बातम्या मराठीत उतरवणारे उपसंपादक. पायऱ्या सगळ्यांना सारख्याच लागू पडणार नाहीत. आपल्या कामाच्या घ्या, बाकीच्या सोडून द्या.

‘पण आपला काय संबंध?’ हा प्रश्न मंडळाच्या गणपतीत हमखास येतो. संबंध रोकडा आहे. व्हिसाचे बदललेले नियम, घरमालकाची दादागिरी, बुडवलेली मजुरी, ड्रायव्हिंग लायसन्स, मुलांच्या शाळेतले भाषेचे प्रश्न या बातम्या स्थलांतरितांच्या बाजूनं आणि बारकाईनं देणारी कितीतरी माध्यमं लॅटिनो पत्रकारांनी उभी केली आहेत. एच-१बीवाल्याला त्यातलं सगळं लागू होत नाही हे खरं. पण इमिग्रेशनची एखादी बातमी मोठ्या इंग्रजी पेपरात यायच्या आधी त्यांच्याकडे येऊन गेलेली असते, हे काही महिने वाचलंत की तुमचं तुम्हालाच कळेल.

पहिली पायरी: माणसं नीट ओळखा

हिस्पॅनिक म्हणजे ज्यांचा वारसा स्पॅनिशभाषक देशांचा आहे ते. त्यात स्पेन येतो, ब्राझील येत नाही. लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेत मुळं असलेले. त्यात ब्राझील येतो, स्पेन येत नाही. रोजच्या व्यवहारात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी चालतात. ‘लॅटिनेक्स’ हा लिंगनिरपेक्ष शब्द विद्यापीठांत कानावर पडेल, पण प्यूच्या २०२४च्या अहवालानुसार तो स्वतःसाठी वापरणारे लॅटिनो प्रौढ जेमतेम ४ टक्के आहेत. समोरच्याला विचारावं, हे उत्तम. बरेचजण सरळ ‘मी मेक्सिकन-अमेरिकन’, ‘मी डोमिनिकन’ असं सांगून मोकळे होतात.

नवखा माणूस तीन ठिकाणी हमखास घसरतो. कॅरिबियनमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाची माणसं १९१७पासून अमेरिकेची नागरिक आहेत, त्यांना ‘तुम्ही इकडे कधी आलात’ असं विचारायचं नसतं. लॅटिनोंपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मले आहेत. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतली काही घराणी तर तो मुलूख अमेरिकेत यायच्या आधीपासून तिथं आहेत. आणि लॅटिनो म्हणजे स्पॅनिश बोलणारच, हेही खरं नाही. निम्म्याहून जास्त लॅटिनो बातम्या मुख्यतः इंग्रजीतूनच घेतात. ज्यांना घरात मराठी समजतं पण बोलता येत नाही अशी मुलं न्यू जर्सीच्या मराठी शाळेत आपणही रोज पाहतो, तेव्हा स्पॅनिश न येणारा लॅटिनो बातमीदार भेटला तर भुवया उंचावू नका.

नावांचं तंत्र लगेच शिकून घ्या. स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. बातमीत पुन्हा उल्लेख करताना शेवटचं तेवढं उचललं तर आपण त्या माणसाला आईच्या आडनावानं हाक मारत असतो. देवनागरीत लिहिताना ‘जॉर्ज’ आणि ‘जोस’ नको. ‘होर्हे’ आणि ‘होसे’ लिहा. अर्थात इंग्रजी वळणाचा उच्चार ज्यांना स्वतःलाच हवा असतो तेही भेटतात, त्यांचं त्यांच्याप्रमाणे. नावावरचे टिंबटोले (é, ñ अशा अक्षरांवरच्या खुणा) वगळू नका; असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनंही २०१९पासून, ज्यांना हवे असतील त्यांच्या नावांवर ते द्यायला सुरुवात केली.

दुसरी पायरी: तीन गोष्टी ठाऊक हव्यात

सगळा इतिहास पाठ करायची गरज नाही. ज्या तीन गोष्टी इथल्या लॅटिनो पत्रकारांच्या बोलण्यात सतत येतात, तेवढ्या पुरे.

पहिली होविता इदारची. टेक्सासमधल्या लरेडो गावी तिच्या घरचाच ‘ला क्रोनिका’ नावाचा पेपर होता. मेक्सिकन मुलांना वेगळ्या, निकृष्ट शाळांत बसवणं, झुंडीनं माणसं मारणं, यावर तो पेपर लिहायचा. १९१४मध्ये ती ‘एल प्रोग्रेसो’त होती. सीमेवर सैन्य धाडण्याच्या राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या निर्णयावर त्या पेपरनं टीका केली, तेव्हा टेक्सास रेंजर्स, म्हणजे राज्याचं सशस्त्र पोलिस दल, छापखाना बंद करायला आले. ती दारात उभी राहिली आणि त्यांना आत जाऊ दिलं नाही. ते परत गेले खरे, पण ती नसताना पुन्हा आले आणि छापखाना मोडून गेले. २०२३मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तिचं चित्र आलं. तुमच्या कपडे धुण्याच्या सुट्ट्या पैशांत सापडेल कदाचित, बघा.

दुसरी रुबेन सालाझारची, आणि ही जरा सावकाश सांगायला हवी. जन्म १९२८, मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसचा. वाढला सीमेपलीकडे एल पासोत. १९५९मध्ये तो ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये लागला. पेपरनं त्याला डोमिनिकन रिपब्लिकला, व्हिएतनामला पाठवलं, मेक्सिको सिटीत ब्युरो चीफ केलं. परदेशच्या मोठ्या बातम्या करून आलेला हा माणूस शहरात परतला आणि पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांबद्दल लिहू लागला: शाळा, पोलिस, मतदारसंघ. १९७०मध्ये तो केएमईएक्स या स्पॅनिश वाहिनीचा वृत्तसंचालक झाला, तरी ‘टाइम्स’मधला साप्ताहिक स्तंभ त्यानं सोडला नाही. एकाच आठवड्यात तो स्पॅनिश ऐकणाऱ्या कामगारांशी बोलत होता आणि इंग्रजी वाचणाऱ्या सत्तेशीही. तशी जागा तोवर फारशी कुणाला मिळाली नव्हती.

२९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात चिकानोंचा, म्हणजे हक्कांसाठी लढणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकनांचा, प्रचंड मोर्चा निघाला. पोलिसांनी लोकांना हुसकावून लावलं. दुपारनंतर सालाझार आणि त्याचे सहकारी व्हिटियर बुलेव्हारवरच्या ‘सिल्व्हर डॉलर’ नावाच्या बारमध्ये जाऊन बसले होते. शेरीफच्या एका डेप्युटीनं दारातून अश्रुधुराचं नळकांडं आत डागलं. भिंती-दारं भेदण्यासाठी बनवलेलं ते नळकांडं सालाझारच्या डोक्यात लागलं. वय ४२. चौकशी झाली, खटला कुणावरही भरला गेला नाही. मोर्चा ज्या बागेत पोचला होता तिला आज त्याचं नाव आहे, आणि २००८मध्ये त्याच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं. एनएएचजेच्या, म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ हिस्पॅनिक जर्नालिस्ट्सच्या शिष्यवृत्ती निधीलाही त्याचंच नाव दिलेलं आहे. तो निधी पुढे पैशांच्या पायरीत पुन्हा येईल.

तिसरी गोष्ट थोडक्यात. १९८३मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधल्याच मेक्सिकन-अमेरिकन बातमीदार, संपादक आणि छायाचित्रकारांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लॅटिनोंवर मोठी लेखमाला केली, आणि १९८४चं लोकसेवेसाठीचं पुलित्झर पेपरला मिळवून दिलं. १९७२मध्ये कॅलिफोर्निया चिकानो न्यूज मीडिया असोसिएशन आणि १९८४मध्ये एनएएचजे, या दोन्ही संघटना पत्रकारांनी स्वतःच उभ्या केल्या होत्या. आपण जी ‘मदत’ करायची म्हणतो, ती आधीच चाललेल्या कामाला हातभार लावण्यापुरती आहे, एवढं भान ठेवलं म्हणजे सूर बरोबर लागतो.

तिसरी पायरी: भरतीचे आकडे वाचायला शिका

एखादी वृत्तसंस्था ‘आमच्याकडे विविधता’ म्हणून अहवाल काढते, तेव्हा नवखा वाचक एकूण टक्केवारी बघून समाधानी होतो. तसं करू नका. माझं मत विचाराल तर भरतीचा आकडा हा या विषयातला सर्वांत फसवा आकडा आहे.

१९७८मध्ये अमेरिकन वृत्तपत्र संपादकांच्या संस्थेनं ठरवलं, की २००० सालापर्यंत न्यूजरूममधलं अल्पसंख्याकांचं प्रमाण देशाच्या लोकसंख्येइतकं करायचं. तेव्हा ते होतं ४ टक्क्यांच्या आसपास. दरवर्षी मोजदाद सुरू झाली, आकडे छापून येऊ लागले, आणि १९९८ उजाडलं तेव्हा कळून चुकलं की गाडी कुठच्या कुठे मागे आहे. मग मुदत वाढवून २०२५ केली. तीही आता गेली.

का, याचं उत्तर एका पेपरच्या उदाहरणातून दिसतं. २०२०च्या उन्हाळ्यात ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधल्या लॅटिनो कर्मचाऱ्यांनी मालकांना जाहीर पत्र लिहिलं. काउंटीत जवळजवळ निम्मे लोक लॅटिनो, न्यूजरूममध्ये १३ टक्के. पेपरनं त्याच वर्षी आपल्या जुन्या वंशभेदी वार्तांकनाबद्दल संपादकीयातून माफी मागितली, नंतर नवी माणसं घेतली, २०२३मध्ये लॅटिनो वाचकांसाठी ‘दे लोस’ हा विभाग सुरू केला. आणि जानेवारी २०२४मध्ये किमान ११५ जणांना, म्हणजे न्यूजरूमच्या पाचव्या हिश्शाहून जास्त लोकांना, एका फटक्यात घरी बसवलं. शेवटी आले ते आधी गेले. आणि शेवटी आलेल्यांत तरुण आणि गोरेतर पत्रकार जास्त होते. ‘दे लोस’ला मोठा दणका बसला. सेवाज्येष्ठतेचा नियम युनियनच्या करारातला, कपातीचा निर्णय मालकांचा, आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

म्हणून अहवाल हातात आला की हे शोधा. कायम नोकरीत किती आणि कंत्राटावर किती? पाच वर्षांपूर्वी घेतलेल्यांतले आज किती उरलेत? ज्याच्या सहीशिवाय पान सुटत नाही त्या खुर्चीवर कोण? राजकारण, अर्थ आणि शोधपत्रकारितेत लॅटिनो आहेत, की सगळे ‘समाज आणि संस्कृती’त कोंबलेत? उत्तरं अहवालात नसतील, तर नसणं हीच माहिती समजा.

हा हिशेब आपल्याला परका नाही. २०१९मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी भारतीय माध्यमांत हीच मोजदाद केली. पाहणीतल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागी सवर्ण निघाले, अनुसूचित जाती-जमातींतलं एकही माणूस नाही. लॅटिनो सहकाऱ्याशी या विषयावर बोलताना आपण फार उंचावरून बोलू नये, म्हणून हे इथं सांगितलं.

चौथी पायरी: दोन माध्यमं निवडा आणि नेमानं वाचा

यादी लांबलचक करता येईल, पण पंधरा वृत्तपत्रिकांना नोंदणी करून एकही न उघडण्यात अर्थ नाही. एक आपल्या भागातलं आणि एक लांबचं, एवढंच घ्या.

न्यूयॉर्ककडे असाल तर ‘डॉक्युमेंटेड’. स्थलांतरितांसाठी चालणारं हे ना-नफा माध्यम स्पॅनिश वाचकांपर्यंत व्हॉट्सॲपवरून पोचतं. बे एरियात ‘एल तिंपानो’; ते साध्या एसएमएसवर बातमी देतात आणि लोकांचे प्रश्न त्याच नंबरवर घेतात. ग्वाटेमालाहून आलेल्या, माम ही माया कुळातली भाषा बोलणाऱ्यांसाठीही त्यांचं काम आहे. ॲरिझोनात ‘कोनेक्ता ॲरिझोना’, २०२०मध्ये करोनाच्या काळात मारित्सा फेलिक्स यांनी व्हॉट्सॲप गटावर सुरू केलेलं. तिथं ‘ला ओरा देल काफेसितो’, म्हणजे कॉफीची वेळ, ठरलेली असायची: तासभर एखादा डॉक्टर, वकील किंवा अधिकारी गटात येऊन बसायचा आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक त्याला प्रश्न विचारायचे. लसीबद्दलच्या अफवा तिथल्या तिथं खोडून निघायच्या. आपल्या सोसायटीच्या गटावर त्या काळात काढ्याचे कोणकोणते फॉरवर्ड फिरले ते आठवा, म्हणजे या कामाची किंमत ध्यानात येईल.

कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यात असाल तर रेडिओ लावा. फ्रेस्नोचं ‘रेडिओ बिलिंग्वे’ ४ जुलै १९८० रोजी सुरू झालं. ते उभं करणारे उगो मोरालेस स्वतः मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या मिश्तेक या आदिवासी समाजातले, शेतमजुराच्या घरात वाढलेले आणि हार्वर्डमधून कायदा शिकून परत आलेले. त्या रेडिओवर मिश्तेक भाषेतलाही कार्यक्रम असतो.

लांबचं एक म्हणून पोर्तो रिकोचं ‘सेंत्रो दे पेरिओदिस्मो इन्वेस्तिगातिवो’ घ्या, असा माझा आग्रह आहे. कारण ऐका. सप्टेंबर २०१७मध्ये मारिया चक्रीवादळानं ते बेट झोडपून काढलं. सरकारी मृतांचा आकडा वाढत वाढत ६४वर जाऊन थांबला. सेंत्रोचे बातमीदार तिथलेच. इस्पितळांत वीज नाही, डायलिसिस बंद, ऑक्सिजनची यंत्रं बंद, शवागारं भरलेली, हे त्यांना दिसत होतं आणि त्यांच्या घरच्यांनाही सोसावं लागत होतं. त्यांनी डॉक्टरांना गाठलं, दफनभूमीवाल्यांना गाठलं, मृत्यूच्या नोंदी मागितल्या. सरकारनं दिल्या नाहीत तेव्हा कोर्टात गेले, सीएनएनही गेलं, जून २०१८मध्ये निकाल पत्रकारांच्या बाजूनं लागला. पुढे असोसिएटेड प्रेस आणि क्वार्ट्झ हे वृत्तसंकेतस्थळ यांच्याबरोबर त्यांनी मृतांच्या नातेवाइकांशी बोलून एकेका मृत्यूची नोंद केली. ऑगस्ट २०१८मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारनं मान्य केलेला आकडा होता २,९७५. ६४ आणि २,९७५ यांच्यामधली माणसं कुणाला आधी दिसली, एवढं लक्षात घ्या. याच सेंत्रोनं जुलै २०१९मध्ये गव्हर्नर आणि त्याच्या कोंडाळ्याच्या चॅटची ८८९ पानं छापली, लोक रस्त्यावर उतरले आणि गव्हर्नरला पद सोडावं लागलं.

स्पॅनिश येत नसलं तरी अडत नाही. यातल्या बऱ्याच जणांची इंग्रजी आवृत्ती असते, नाहीतर ब्राउझरचं भाषांतर वाचण्यापुरतं चालतं. त्या भाषांतरावरून बातमी मात्र करू नका.

पाचवी पायरी: पैसे कुठं आणि कसे

इथं भावनेपेक्षा हिशेब महत्त्वाचा. एकदाच दिलेल्या शंभर डॉलरपेक्षा दरमहा येणारे दहा डॉलर छोट्या न्यूजरूमला जास्त उपयोगी पडतात, कारण त्यावर पगाराचं गणित बसवता येतं.

आधी संस्था कुठल्या प्रकारची आहे ते बघा. ना-नफा असेल तर देणगी द्या, करसवलतीची पावती घ्या आणि जपून ठेवा. ‘ला ओपिनिओन’सारखा व्यापारी पेपर असेल तर त्याला देणगी नव्हे, वाचक आणि जाहिरातदार लागतात. १९२६पासून लॉस एंजेलिसमध्ये निघणाऱ्या या पेपरात एखाद्या मराठी दुकानदारानं किंवा टॅक्सवाल्यानं जाहिरात दिली तर तीही साथच झाली, आणि गिऱ्हाईक वाढेल ते वेगळं.

आयटीतल्या मंडळींसाठी: कंपनीच्या देणगी पोर्टलवर संस्थेचं नाव शोधा. बऱ्याच कंपन्या तुमच्याइतकीच रक्कम आपल्याकडून घालतात आणि बरेच लोक हा अर्ज भरायचा कंटाळा करतात. ना-नफा वृत्तसंस्थांची ‘न्यूजमॅच’ मोहीम १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर चालते. त्या काळात दिलेल्या पैशांना बाहेरून जोड मिळते. दिवाळीच्या सुमाराला आठवण लावून ठेवा.

पैसे ‘अमुक प्रकल्पासाठीच’ म्हणून बांधून देऊ नका. प्रकल्पाला देणगीदार मिळतात. वकिलाची फी, विमा, हिशेबनीस यांना कुणी मिळत नाही. अपवाद शिष्यवृत्तीचा. एनएएचजेच्या रुबेन सालाझार निधीला द्यायचं असेल तर त्या निधीचं नाव घालूनच द्या. ‘रिपोर्ट फॉर अमेरिका’ ही संस्था स्थानिक न्यूजरूममध्ये तरुण बातमीदार नेमते आणि पहिल्या वर्षी निम्मा पगार स्वतः देते. उरलेल्यातला काही भाग गावातून उभा करावा लागतो. तुमच्या भागात असा बातमीदार असेल तर महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमाच्या तिकिटांतून त्याचा वाटा उचलता येतो. स्पॉन्सर शोधण्यात आपली मंडळं कुणाला हार जाणार नाहीत.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही पैसे देऊ नका. तुमची फी तुम्हाला पुरे आहे.

सहावी पायरी: न्यूजरूममध्ये शेजारी बसता तेव्हा

हे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्यानं नोकरीला लागलेल्यांसाठी. व्हिसाची गोष्ट आधी: एफ-१वर असताना इंटर्नशिप बिनपगारी असली तरी कॉलेजातल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारल्याशिवाय घेऊ नका. पत्रकारितेच्या बहुतेक पदव्यांना शिक्षणानंतरचं ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, एकाच वर्षाचं मिळतं, त्यामुळे ओळखी पहिल्या सत्रापासूनच करायला लागा.

त्यासाठी एनएएचजेच्या विद्यार्थी शाखेच्या बैठकांना जा. लॅटिनो नसलात तरी कुणी हाकलत नाही. वार्षिक अधिवेशनात नोकऱ्यांचा मेळावा असतो. तिथं संपादक रांगेतल्या प्रत्येकाचा बायोडेटा बघतात. शिवाय आपल्यांसाठी साजा, म्हणजे १९९४मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली साउथ एशियन जर्नालिस्ट्स असोसिएशन आहे, आणि १९८१पासूनची एशियन अमेरिकन जर्नालिस्ट्स असोसिएशनही. एकाच कॅम्पसवर या सगळ्यांनी मिळून खोली घेतली, वक्ता बोलावला, तर खर्च वाटला जातो. अधिवेशनाला जाताना मात्र एक पाळा: प्रश्नोत्तरांत आधी लॅटिनो विद्यार्थ्यांना माइक मिळू द्या. कार्यक्रम त्यांचा आहे.

आता रोजचं काम. प्रत्येक न्यूजरूममध्ये एक फुकटचा दुभाष्या असतो. स्पॅनिशमधला पोलिसांचा व्हिडिओ आला, पाठव मारियाला. फोनवर कुणी स्पॅनिश बोलतंय, दे मारियाला. मारियाची स्वतःची बातमी सहा वाजता द्यायची असते, ती आठला जाते, आणि वर्षाच्या शेवटी मूल्यमापनात ‘वेळ पाळत नाही’ असा शेरा पडतो. मारिया हे नाव मी असंच घेतलं, प्रसंग मात्र कुठल्याही न्यूजरूममध्ये विचारा. तुम्ही शेजारी असाल तर करण्यासारखं हे: भाषांतराची मदत घेतली की बातमीखाली नाव द्यायला लावा. किती तास गेले ते कामाच्या नोंदीत लिहायला सांगा. द्विभाषिक कामाचा वेगळा भत्ता असावा, ही मागणी युनियनच्या बैठकीत तिनं मांडली तर हात वर करा. ती मांडणार नसेल तर तिला विचारून तुम्ही मांडा.

दुसरं, आपल्याच बातम्यांची तपासणी. मेनार्ड इन्स्टिट्यूट या पत्रकार-प्रशिक्षण संस्थेनं पत्रकारांना समाजातल्या भेगा बघायला शिकवल्या: वंश, वर्ग, लिंग, पिढी, भूगोल. साधी स्प्रेडशीट उघडा, आपल्या गेल्या दहा बातम्या घाला, आणि ज्यांचं म्हणणं अवतरणात आलं त्यांची नावं लिहा. पुढचा रकाना: हा माणूस बातमीत कशासाठी आला? तज्ज्ञ म्हणून, अधिकारी म्हणून, की सोसणारा म्हणून? लॅटिनो माणसं तुमच्याकडे फक्त तिसऱ्या कारणासाठी येत असतील, तर पुढच्या बातमीत हवामान, व्याजदर किंवा बेसबॉलवर बोलणारा लॅटिनो तज्ज्ञ शोधा. मराठी नावांचाही रकाना करून बघा. आपण सगळे डॉक्टर आणि सॉफ्टवेअरवाले निघतो.

सातवी पायरी: पत्रकार अडचणीत सापडला तर

मारियो गेवारा हे मूळचे एल साल्वादोरचे, अटलांटा परिसरात वीस वर्षांहून जास्त काळ स्पॅनिशमध्ये इमिग्रेशनच्या बातम्या करणारे पत्रकार. १४ जून २०२५ रोजी एका निदर्शनाचं थेट प्रक्षेपण करताना त्यांना अटक झाली. आरोप मागे घेतले गेले, तरी इमिग्रेशन खात्यानं त्यांना कोठडीतच ठेवलं आणि ३ ऑक्टोबरला एल साल्वादोरला पाठवून दिलं.

अशा वेळी तुम्ही काय करू शकता? वाचक असाल तर घटनेची नोंद ‘यू.एस. प्रेस फ्रीडम ट्रॅकर’ या संकेतस्थळावर आली आहे का पाहा, आणि खातरजमा झालेली माहितीच पुढे पाठवा. ताब्यात घेतलेल्या माणसाचा पत्ता, घरच्यांची नावं, व्हिसाची स्थिती चांगल्या हेतूनंही पसरवू नका. सहकारी असाल तर रिपोर्टर्स कमिटी फॉर फ्रीडम ऑफ द प्रेसची कायदेशीर हेल्पलाइन पत्रकारांसाठी विनामूल्य आहे. तो नंबर निदर्शनाला जायच्या आधी हातावर पेननं लिहितात, कारण फोन काढून घेतला जातो. आणि तुम्ही स्वतः व्हिसावर असाल तर कॅमेरा घेऊन पुढे जायच्या आधी वकिलाशी बोला. यात भित्रेपणा नाही.

आठवी पायरी: मराठी डेस्कवर बसणाऱ्यांसाठी

एजन्सीची इंग्रजी कॉपी येते, त्यात ‘कागदपत्रं नसलेले’ असं असतं, आणि मराठी मथळ्यात त्याचा ‘घुसखोर’ होतो. शब्द छोटा आहे, कॉलमात बसतो, हे कारण मला ठाऊक आहे. पण असोसिएटेड प्रेसनं एप्रिल २०१३मध्येच माणसाला ‘बेकायदा’ म्हणणं सोडलं. कृती बेकायदा असू शकते, माणूस नाही, अशी त्यांची भूमिका. ‘कागदपत्रांविना राहणारे’ लिहा. व्हिसाची मुदत संपून राहिलेला माणूस तर सीमा ओलांडून घुसलेलाच नसतो, आणि त्यांत भारतीयही असतात.

टेक्सास किंवा फ्लोरिडाची बातमी करताना एक स्थानिक माध्यमही उघडा. ‘एल पासो मॅटर्स’ इंग्रजीतच आहे. त्यांची माहिती घेतली तर नाव छापा. ‘स्थानिक प्रसारमाध्यमांच्या वृत्तानुसार’ असं मोघम लिहून पळवाट काढू नका. आणि जमत असेल तर तिथल्या मुक्त पत्रकाराकडून चारशे शब्द लिहून घ्या, मानधन देऊन.

नववी पायरी: संपादकाला पत्र

तक्रारीची पत्रं सगळेच लिहितात. चांगल्या बातमीसाठी लिहिलेलं पत्र संपादक जपून ठेवतात, कारण वरच्या बैठकीत ‘या विभागाला वाचक आहेत’ हे सांगायला ते उपयोगी पडतं. कपातीच्या काळात तर नक्कीच. पत्र पाच-सहा ओळींचं असावं: बातमीचं शीर्षक, तारीख, बातमीदाराचं नाव, तुम्ही त्या भागात राहता हे, आणि त्या बातमीमुळे तुम्ही नेमकं काय केलं ते. ‘तुमची बातमी वाचून आम्ही घरमालकाकडून डिपॉझिट परत मिळवलं’ हे वाक्य ‘आम्हाला विविधता महत्त्वाची वाटते’पेक्षा कितीतरी कामाचं. प्रत बातमीदारालाही पाठवा.

तक्रार असेल तर त्याच दिवशी लिहा, एकच मुद्दा घ्या, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि काय हवं ते सांगा: दुरुस्ती, की पुढची बातमी. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर स्टँडर्ड्स एडिटर किंवा वाचक प्रतिनिधी असा कुणी त्या संस्थेत आहे का ते पाहून त्यांना पाठवा. बातमीदाराच्या समाजमाध्यमावर जाऊन भांडू नका. मथळा बहुतेक वेळा त्यानं दिलेला नसतो.